फोटोतली बाई

"ही बाई इथून काढा!"

गोरेगावच्या हॉलमध्ये स्टुलावर उभी राहून तेजल फोटो टांगत होती. तिनं वळून पाहिलं. निळा शर्ट, विस्कटलेले केस, आणि राग... तो मात्र कुणाकडून तरी उसना आणल्यासारखा.

"का? माझ्या प्रदर्शनातली सगळ्यात देखणी हीच आहे."

"तीच तर भानगड आहे ना!"

हा नितेश. सहदेव परबांचा पणतू. गिरणीत कामाला आलेले सहदेव रंगभूमीवर राजा म्हणून गाजले, मग मूकपटांत गेले. त्यांच्यावरच्या या प्रदर्शनासाठी सहा महिने तेजल त्यांचे जुने फोटो शोधत होती. फक्त या एका फोटोखाली तिला लिहावं लागलं होतं – 'अज्ञात नायिका'.

"हाच फोटो पणजीला त्यांच्या पेटीत सापडला," नितेश म्हणाला. "कोण ही, विचारलं, तर पणजोबा गप्प! पणजी मरेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. उद्या आजी येतेय, त्यांची मुलगी. तिनं ही बाई बघितली तर वाट लागली माझी."

"आणि नाही काढला तर?"

"रोज येऊन भांडेन."

"मग तर नाहीच काढणार!"

तो लाजला. गडबडून त्यानं फोटोकडे हात केला, आणि तेजल बघतच राहिली.

"थांब... तुझी करंगळी अशीच वाकडी आहे? जन्मापासून?"

"आजीची पण आहे. पणजोबांकडून आलीये."

तिनं सरळ त्याचा हात ओढून काचेवर टेकवला. नायिकेनं पदर धरला होता, आणि तिची करंगळी तशीच, आत वळलेली! शेजारच्या फोटोत राजा झालेल्या सहदेवांची तलवारीवरची करंगळीही तीच.

"म्हणजे ही बाई... पणजोबाच?"

"तेव्हा सिनेमात बायका कुठे मिळायच्या रे? पुरुषच लुगडं नेसायचे. पण सांगितलं का नाही त्यांनी?"

नितेशला आजीनं सांगितलेलं आठवलं. "लग्नात पणजीनं वचन घेतलं होतं. नाटक-सिनेमात कधी बाईचं काम करायचं नाही. ते मोडलं ना त्यांनी! आणि तिनं फोटो एकदाच बघितला, तोही संतापून. रागात करंगळी कोण बघतं, यार?"

तेजलला फार वाईट वाटलं. मग लक्षात आलं, त्याचा हात अजून तिच्याच हातात होता.

दुसऱ्या दिवशी रुक्मिणीआजी काठी टेकत आल्या. फोटोखाली आता लिहिलं होतं – 'नायिकेच्या भूमिकेत सहदेव परब'. आजींनी आपली वाकडी करंगळी काचेवर ठेवली.

"आयेक एकदा सांगूक होया होता, बाबा," त्या फोटोतल्या वडिलांना मालवणीत म्हणाल्या आणि रडू लागल्या.

मागे दोघं उभे होते. नितेशनं हळूच विचारलं, "प्रदर्शन कधी संपतं?"

"रविवारी."

"मग सोमवारी... म्हणजे आपण..."

"काय?"

"काही नाही."

आजींनी मागं न वळताच काठी आपटली. "सांग रे मेल्या! घरात एक गप ऱ्हवलो तो पुरे झालो!"

"तू मला आवडतेस," नितेश एवढ्या जोरात म्हणाला की सगळा हॉल वळला.

"मला पण तू," तेजल लगेच म्हणाली. या घराण्यात उशीर फार होतो, हे तिला आता चांगलंच ठाऊक होतं.