तिसरा इंजेक्टर

गाडी थरथरली आणि बंद पडली, ती नेमकी तो मेकॅनिक होता त्या गॅरेजसमोर. मागच्या सीटवर बाबा होते, डायलिसिसला निघालेले.

त्याने ती कशीबशी चालू केली, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मी बघतच राहिले...

“पंप टाकीतलं पेट्रोल इथवर ढकलतो,” तो म्हणाला. “हवा किती आली, इंजिन किती तापलं, ते बघून गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो कुणी किती सोडायचं. तेवढाच वेळ हे चौघे इंजेक्टर उघडतात आणि पेट्रोल फवारतात. टिक-टिक ऐकू येते.”

“आणि एखादा रुसला तर?”

“तर तुम्हाला पुन्हा यावं लागेल.” तो हसला. “पण चौघेही ठणठणीत आहेत. प्लग बदलतो.”

त्या हसण्यावर मी भाळले, खोटं कशाला बोलू?

पुन्हा गेले ती मात्र भांडायला. गाडी पुलावर बंद पडली होती. दवाखान्यात पोचायला उशीर झाला आणि बाबा तीन दिवस ऑक्सिजनवर होते.

“ठणठणीत म्हणालात ना?” इंजिन चालू ठेवून मी त्याचा स्क्रू-ड्रायव्हर हिसकावला आणि कानाला लावला. पहिला टिकटिकत होता. दुसरा, चौथाही. तिसरा — गप्प.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“उजवा कान गेलाय माझा,” तो म्हणाला. “डाव्यालाही इतकी बारीक टिकटिक कळत नाही, तोही वर्षभरात जाईल, म्हणतात डॉक्टर. मालकांना कळलं तर नोकरी जाईल, म्हणून... ऐकल्याचं नाटक करतो. तुमच्या बाबांना काही झालं असतं तर —”

त्याला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून आले होते. रडूच आलं. मी त्याचं बोट धरून पहिल्या इंजेक्टरवर ठेवलं.

“बोटाला कळतंय?”

त्याने मान हलवली. मग बोट स्वतःच तिसऱ्यावर नेलं आणि बराच वेळ तिथंच ठेवलं.

“हा मेलाय,” तो हळूच म्हणाला.

त्याच दिवशी त्याने मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी दुसरं काम शोधायला महिन्याची मुदत दिली. मागवलेला नवा इंजेक्टर शेवटच्या आठवड्यात आला, तो त्याने आमच्या गाडीत बसवला. इंजिन सुरळीत चालू लागलं.

“तुम्ही मला आवडता,” मी म्हणाले.

“काय?”

मी त्याच्या डाव्या बाजूला गेले, अगदी जवळ, आणि सावकाश पुन्हा म्हणाले. त्याचे डोळे भरून आले. ऐकलं होतं त्याने, चांगलं ऐकलं होतं.

“आणखी एकदा म्हणा,” तो म्हणाला. “ऐकू येतंय तोवर साठवून घेतो.”