सहा मुक्या तारा

"जाळी विणणाऱ्याच्या पोराच्या हातात मोटर दिली, गाढव मीच!"

हाज दरवीश बर्फाच्या कारखान्याच्या फाटकात उभा राहून ओरडत होता आणि समोर चाळीस कोळी मन लावून ऐकत होते. होड्यांत सार्डिन तापत होती. आतली मोटर मात्र न फिरता जागच्या जागी घूं करून स्टार्टर पाडत होती आणि बंद पडत होती. शिव्या मोटरमिस्त्री उस्ता जगलूलला होत्या. मोटरमध्ये नव्या तारा त्यानेच भरून आणल्या होत्या.

जगलूलनेच दिम्यात शहरातून सित्त अजीजाला, म्हणजे अजीजाबाईंना, बोलावलं होतं. तीस वर्षं विम्याचे खोटे दावे पकडून ही बाई आता खाजगी तपास करी. सोबत लमई, पोलिसांतला जुना कारकून. त्याला सगळं समजे, फक्त उशिरा.

"माझं नाव गेलं, सित्त," जगलूल म्हणाला. "आता पंखासुद्धा कोणी देणार नाही मला. गुरुवारी मोटर बसवली. तारांना दोरे बांधून ठेवले. जोडणी जुम्म्याच्या नमाजानंतर करणार होतो. परत येतो तर कोणीतरी आधीच जोडलेली! हाजने बटण दाबलं आणि ती बोंबलली. दोरे गायब!"

"कसले दोरे?"

"जाळ्याचे. आत तारेच्या तीन कॉइल, प्रत्येकीची दोन टोकं बाहेर. पहिल्या कॉइलला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन. सुरुवातीच्या टोकाला लाल दोरा, शेवटच्या टोकाला पांढरा. इथल्या खाऱ्या हवेत चिकटपट्टी टिकत नाही. मी जन्मात लावली नाही."

अजीजाने मोटरची डबी उघडली. सहाही तारा काळ्या, एकसारख्या. तिने प्रत्येकीवरून बोट फिरवलं आणि लमईच्या बाहीला पुसलं. बाहीला चिकट डाग पडला. लमईला राग आला, पण नेहमीसारखा उशिरा.

पहारेकरी अब्दुलमौजूद उखडलाच. "मी? मला बल्ब बदलता येत नाही! नमाजभर फाटकावर होतो. आत कोण जाणार? हाजच्या जावईबापूंची गाडी तेवढी होती, ती तर कायमच असते."

"म्हातारा खोटं बोलतोय," लमई कुजबुजला.

"तुम्हाला म्हातारे आवडत नाहीत. चला."

जावईबापू इंजिनियर हैसमच्या कचेरीत प्रत्येक वस्तूवर छापील चिकटपट्टी होती. खणावर 'खण'. सुरईवर 'पाणी'.

"नाहीतर लोक काय समजतात?" लमईने कुतूहलाने विचारलं.

"शिस्त म्हणतात याला!" हैसम तडकला. "मी मशिदीत होतो. त्या अडाण्याने तिसरी कॉइल उलटी जोडली, बस्स. सासऱ्यांना सांगा, नवी मोटर घ्या."

तासाभराने अजीजाने सगळ्यांना मोटरपाशी जमवलं. कुठली तार कुठल्या खुंटीवरून, म्हणजे जोडणीच्या स्क्रूवरून, काढली ते लिहून घेऊन तिने जगलूलला तारा तपासायला लावल्या. आधी दिव्याने जोड्या लागल्या: दोन्ही टोकं एकाच कॉइलची असली तरच दिवा पेटे. मग एका जोडीला बॅटरी टेकवायची आणि दुसऱ्या जोडीला लावलेल्या मीटरचा काटा कुठे उडतो ते बघायचं. दोन कॉइल एका दिशेच्या निघाल्या. शेवटच्या खुंट्यांवरची, तिसरी, उलटी.

"बघा!" हैसम म्हणाला. "मी सांगितलंच होतं."

"तेच विचारायचंय. सहा मुक्या तारा, एकीवर खूण नाही. आम्हाला दिवा, बॅटरी आणि मीटर लागले. तुम्हाला खुर्चीत बसून कसं कळलं?"

हैसम दाराकडे सरकला.

"मी सांगते. प्रत्येक तारेवर गोंद आहे. उस्ता पट्टी लावत नाही. इथे सुरईलाही पट्टी कोण लावतं, ते लमईंनाही कळलंय. नमाजाच्या वेळी तुम्ही दोरे काढून पट्ट्या लावल्यात. दोन कॉइल नीट झाल्या. तिसरीचे लाल-पांढरे दोरे एकदमच ओढलेत आणि सुरुवात कुठली, शेवट कुठला, ते अंदाजाने ठरवलंत. जोडलंत, मोटर घुमली. नमाज सुटला होता. पट्ट्या उपटायला वेळ मिळाला, चूक सुधारायला नाही."

"कारखाना बघायला पाहुणे येणार होते!" हैसम किंचाळला. "मोटरला कोळ्यांच्या गाठी दाखवू त्यांना?"

हाज दरवीश जावयाकडे वळला. मग खाकरला. "बरं, झालं ते झालं. जगलूल, जोड लवकर. मासळी सडतेय."

जगलूलने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"शिव्या फाटकात दिल्यात, हाज. चाळीस जणांसमोर."

"अरे, मासळी सडेल!"

"सडू दे."

हाजने अजीजाकडे पाहिलं. "माझ्याकडे नका बघू," ती म्हणाली. "विम्यात मी खूप मासळी सडताना पाहिलीय."

हाज पाय आपटत बाहेर गेला. फाटकातून त्याचं पुटपुटणं आत ऐकू आलं.

"ऐकू येत नाही, हाज!" बाहेर कोणीतरी मोठ्या चवीने ओरडलं.

हाज पुन्हा बोलला.

"मागच्यांना नाही आलं!"

तिसऱ्यांदा तो असा ओरडला की पत्रे थरथरले: जगलूलची चूक नव्हती, चूक माझ्या घरातली होती.

मग जगलूलने तिसऱ्या कॉइलची दोन टोकं उलटवून सगळ्या तारा पुन्हा जोडल्या, शांतपणे स्क्रू आवळले आणि बटण दाबलं. मोटर फिरू लागली.