चढावरचा ब्रेक

"हा अपघात नाही. कोणीतरी मुद्दाम करतंय." फोनवरचा बाईचा आवाज अगदी दबका होता, शेजारच्या खोलीत कोणी कान देऊन बसल्यासारखा. "तुम्ही या. पण घरच्यांसमोर यातलं काही बोलू नका."

विमा कंपनीच्या सर्व्हेअर बाईंना असे फोन नवीन नव्हते. आपल्या हातून गाडी ठोकली हे कबूल करणं कोणाच्याही जिवावर येतं. पण ही बाई बहाणे सांगत नव्हती. ती घाबरली होती.

गाडी हॉस्पिटलच्या कुंपणाच्या भिंतीला नाक लावून उभी होती. घरातले सगळे मावतील अशी उंच, ऐसपैस गाडी. ऑटोमॅटिक; म्हणजे क्लच नाही, फक्त ब्रेक आणि अॅक्सिलरेटर. फोन करणारी बाई त्याच हॉस्पिटलात औषधांचा विभाग सांभाळत होती. घरात दीर तिला वहिनी म्हणायचा, आणि त्याचं ऐकून अख्खी आळी. आपणही वहिनीच म्हणू.

"नेमकं काय झालं?"

"डोंगर उतरून खाली आले. ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला गेला. गाडी थांबेचना. मागे माझी मुलगी होती." वहिनीने ओठ घट्ट मिटले. "भिंत नसती तर पुढे चौक होता."

"याआधी कधी?"

"ब्रेक असा गेला नव्हता. पण डिस्क सारख्या वाकतात. ब्रेक लावला की स्टिअरिंग हाताला हिसडे देतं. गॅरेजवाला नव्या बसवतो, थोडे दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच."

"संशय कोणावर आहे?"

वहिनीने आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाली, "दिरावर. सारखं म्हणतो, गाडी विकून टाकू, तुम्ही नका चालवू. आणि मी संध्याकाळी घरी आले की तो पुढच्या चाकांपाशी वाकलेला असतो. माझ्या मुलीने बघितलंय. मी उद्या पोलिसांत जाणार आहे."

"गाडी दुरुस्त होऊन येईपर्यंत थांबा," सर्व्हेअर बाई म्हणाल्या. "एकदा तक्रार लिहून दिलीत की ते घर पुन्हा जोडता येत नाही."

*

गॅरेजवाल्याने पुढच्या दोन्ही डिस्क काढून बाकावर ठेवल्या होत्या. रोटर म्हणा, डिस्क म्हणा. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. तिच्यावर मोरपंखी निळी झाक पसरली होती.

"निळी का?"

"तापून. भट्टीतून काढल्यासारखी तापलीय. ब्रेकचं तेलसुद्धा उकळलं, म्हणून तर पाय तळाला गेला."

"ब्रेक अडकून राहतो का?"

"नाही हो. चाकं हाताने फिरवून बघितली, मोकळी आहेत. नट सारखे आवळलेत. कशालाच छेडछाड नाही."

"तुम्ही स्वतः चालवून बघितली?"

"दर वेळी. डोंगरावर जाऊन आलो. लोण्यासारखी चालते. त्यांचा दीर मागे लांबच्या प्रवासाला घेऊन गेला होता, तेव्हाही तक्रार नाही." त्याने हात पुसले. "फक्त वहिनींच्या हातात बिघडते. त्यांच्या सासूबाई काय म्हणतात ते ऐकलंत ना? मी असल्या गोष्टी मानत नाही. पण या वेळी डिस्क काढताना मनात रामनाम घेतलं, खोटं कशाला बोलू?"

सर्व्हेअर बाई गाडीत वाकल्या. ब्रेकच्या पेडलवरचं रबर बोटाने चाचपलं. डावा कोपरा झिजून गुळगुळीत झाला होता; उजव्या कोपऱ्याच्या रेघा अजून नव्यासारख्या होत्या.

*

गाडी परत मिळाली त्या संध्याकाळी वहिनी मुलीला सोबत घेऊन कामावरून घरी निघाली. ठरल्याप्रमाणे सर्व्हेअर बाई आपल्या गाडीतून मागोमाग निघाल्या. डोंगरावर धुकं उतरलं होतं. रस्ता दिसेना, दिसत होते ते पुढच्या गाडीचे दोन लाल दिवे.

पहिल्या वळणावर ते पेटले. साहजिक होतं. पण वळण संपलं, रस्ता सरळ झाला, चढ सुरू झाला तरी ते विझेनात. गाडी जोर लावून वर चढत होती, इंजिन कण्हत होतं, आणि ब्रेकचे दिवे तसेच जळत होते. जणू मागून कोणीतरी त्या गाडीला धरून ठेवत होतं.

आजूबाजूला झाडांच्या काळ्या आकृत्यांशिवाय कोणी नव्हतं. बाईंनी गाडी कडेला घेतली आणि गॅरेजवाल्याला फोन लावला.

"ब्रेकच्या दिव्याचं बटण अडकलंय का?"

"छे. आजच बघितलं. पेडलवरचा पाय काढला की दिवा विझतो."

"आणि पाय नुसता टेकवला तर?"

"तर पेटतो. का हो?"

बाईंनी फोन ठेवला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

*

घर चढाच्या टोकाला होतं. दार आजींनी, म्हणजे वहिनीच्या सासूबाईंनी उघडलं. भिंतीवर त्यांच्या थोरल्या मुलाचा फोटो होता. तीन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर त्याच्या जुन्या गाडीला ट्रकने उडवलं होतं. गाडी पेटली. बायको आणि मुलगी बाहेर फेकल्या गेल्या म्हणून वाचल्या.

"उगाच गॅरेजवाल्याच्या मागे लागू नका," आजी हलक्या आवाजात म्हणाल्या. "माझा थोरला आहे त्या गाडीत. सूनबाई वेगात निघाली की तो ब्रेक दाबतो. सांभाळतो तिला."

"तुम्ही बघितलंत?"

"आईला बघावं लागतं का?"

बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. वहिनी मुलीला घेऊन आत आली होती. अंगणात गाडी एकटी उभी होती. मग 'चुर्रर्र' असा आवाज आला, तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा. बाई लगबगीने बाहेर गेल्या. अंगणात चिटपाखरू नव्हतं. गाडीचं छप्पर, दारं धुळीने माखलेली होती. फक्त पुढची दोन चाकं चिंब होती, आणि त्यांच्याभोवती वाफ रेंगाळत होती.

आत येऊन त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं. वहिनी सोफ्यावर बसली, मुलगी तिला बिलगून. दीर, घरातला धाकटा, दाराशीच उभा राहिला. त्याच्या बाह्या ओल्या होत्या.

"त्या दिवशीचं सांगाल?" बाईंनी वहिनीला विचारलं. "अपघाताचं."

"त्याचा इथे काय संबंध?"

"आहे म्हणून विचारते."

वहिनीने मुलीच्या केसांवर हात ठेवला. "मी त्यांच्या शेजारी बसले होते. ही झोपली होती, आडवी, माझ्या उजव्या मांडीवर. ते मला काहीतरी सांगत होते, हसत होते. मी समोर बघितलं. वळणावर ट्रक आमच्या बाजूला आला होता. त्यांनी बघितला नव्हता. मला ओरडायचं होतं, पण घशातून आवाज…"

"थांबा," बाई हळूच म्हणाल्या. "हलू नका. खाली बघा."

सगळ्यांनी खाली पाहिलं. वहिनीचा डावा पाय सतरंजीत रुतला होता. टाच उचललेली, बोटं पांढरीफटक, पोटरी ताठ. नसलेला ब्रेक ती सगळ्या ताकदीनिशी दाबत होती.

वहिनीने पायाकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता.

"उजव्या पायावर मुलीचा भार होता," बाई म्हणाल्या. "मोकळा होता तो डावा. त्या क्षणी त्याने दाबलं, आणि अजून सोडलेलं नाही. ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला काम नसतं. तो या रस्त्यावर आपोआप ब्रेकवर जाऊन बसतो. पेडलच्या रबराचा डावा कोपरा म्हणूनच झिजलाय. चढावरही तुमचे लाल दिवे विझत नाहीत, ते मी आज डोळ्यांनी बघितलं. उजवा पाय गाडी पळवतो, डावा अडवतो. डिस्क तापून निळ्या होणार नाहीत तर काय! गॅरेजवाला चालवतो, दीर चालवतो, तेव्हा हे होत नाही."

"मी?" वहिनीचा आवाज फुटला. "मीच?"

"अर्धं तुम्ही. नुसतं तापून इतक्या लवकर डिस्क वाकत नाहीत. लालभडक तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतलं तर मात्र वाकतात." बाई दाराकडे वळल्या. "बादली कुठे ठेवलीत?"

धाकट्याने मान खाली घातली.

"मागच्या दारी." तो घुटमळला. "वहिनी घरी आल्या की चाकांना जळका वास येतो. दादाची गाडी विझवायला सगळ्यात आधी मी पोचलो होतो. पाणी नव्हतं माझ्याकडे. काहीच नव्हतं. तो वास आला की मला दुसरं काही सुचत नाही."

"मला सांगितलं का नाहीत, भाऊजी?"

"काय सांगू? तुमच्या गाडीला आगीचा वास येतो म्हणून? तुम्ही मुलीला घेऊन रोज त्याच रस्त्याने जाता. म्हणून तर म्हणत होतो, विकू या."

वहिनीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी उद्या तुमच्या नावाने पोलिसांत जाणार होते."

धाकटा पुढे येऊन तिच्या समोर जमिनीवर बसला. आजवर त्या घरात त्या दिवसाबद्दल दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलली नव्हती. त्या संध्याकाळी बोलली. तुटक, मध्येच थांबत, मुलीसमोर जपून, पण बोलली.

सर्व्हेअर बाई निघायला उठल्या. "थोडे दिवस दुसऱ्या कोणाला चालवू द्या. मग शेजारी माणूस बसवून, डावा पाय सीटखाली दुमडून सवय करा. आणि डॉक्टरांशी बोला. पायाच्या नव्हे, मनाच्या."

आजी मात्र फोटोकडे बघत होत्या. चेहरा एकदम उतरला होता.

"म्हणजे तो नव्हताच गाडीत?"

आजींनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "मी त्या गाडीत कधी बसलेच नाही गं. वाटायचं, त्याच्या अंगावर कशी बसू?"

वहिनी उठून त्यांच्यापाशी गेली. "उद्या भाऊजी चालवतील. आपण सगळेच खाली जाऊ. तुम्ही पुढे बसा, आई."