पाहुणी, चार छेद बारा

त्या मंगळवारी परीक्षित मुळमुल्यांना बाहेर दोनच कामं होती, एक बायकोचं आणि एक स्वतःचं. शहाणा माणूस आधी बायकोचं करतो. मुळमुल्यांनी आधी स्वतःचं केलं, आणि पुढचं सगळं त्यातून झालं. मी पदरचं काही घालत नाही. चवीपुरतं घालतो, तेवढंच.

बायकोचं काम चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं. मुळमुल्यांचे आजोबा छप्पन्न साली नागपूरच्या कचेरीतल्या फायलींबरोबर भोपाळला आले. फायली सरकारच्या होत्या, पण ट्रंकेत कपड्यांच्या घडीत आलेली पितळेची गौर घरची होती. पहिल्या वर्षी आजीकडे चाळीस बायका जमल्या होत्या म्हणतात. सासूबाईंच्या काळात त्या पंचवीसवर आल्या. मंजूषावहिनींकडे गेल्या वर्षी तीन आल्या, आणि त्यातल्या एकीला खरं तर वरच्या मजल्यावर जायचं होतं. बाकीच्या पुण्याबंगळुरूला लेकीसुनांची बाळंतपणं करायला गेल्या, त्या तिकडच्याच होऊन बसल्या.

वहिनी या वर्षी एवढंच म्हणाल्या होत्या, की यंदा घर रिकामं राहिलं तर गौर नागपूरला जावेकडे पाठवून देईन. आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर मुळमुल्यांना काळजी वाटली नसती.

त्यात आठवड्यापूर्वीच वहिनींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. काळा चष्मा, उन्हात जायचं नाही, मोबाइलकडे बघायचं नाही. आणि सासूबाईंचा नियम असा, की हळदीकुंकवाचं बोलावणं फोनवर करायचं नाही, घरी जाऊन अक्षता द्यायच्या. म्हणून अक्षतांची पुडी आणि नऊ घरांची यादी मुळमुल्यांच्या खिशात आली. कुंकू लावणं पुरुषाचं काम नव्हे. त्यांनी फक्त अक्षता हातावर ठेवून ‘शुक्रवारी संध्याकाळी सहकुटुंब, सहपरिवार अगत्य यायचं’ असं म्हणायचं होतं.

स्वतःचं काम होतं महाराणा प्रताप नगरातल्या कुरिअरवाल्याकडे.

आता मुळमुल्यांचा नाद सांगायला हवा. पाणीपुरवठा खात्यात कार्यकारी अभियंता, वय सत्तावन्न, पान नाही, पत्ते नाहीत. पण ‘लिंबू’ एवढीच सही करणारा एक चित्रकार आहे, त्याच्यावर या माणसाचा जीव. लिंबू म्हणजे सगळं भडक, चकचकीत, हसरं. पंख फुटलेला प्रेशर कुकर, दाढी करणारा वाघ, गुलाबी स्कूटरवर बसलेली म्हैस. प्रत्येक चित्राच्या नि मूर्तीच्या मोजक्याच प्रती, प्रत्येकीवर पेन्सिलीनं क्रमांक. तो क्रमांक मुळमुले भिंगातून असा बघायचे, जसा दुसरा माणूस नातवाचा चेहरा बघेल. मूर्तीला हात लावायचा तर सुती हातमोजे. धूळ झटकायची तर कोरा ब्रश. ‘कोरी राहिली पाहिजे, मंजू,’ म्हणायचे. वहिनी म्हणायच्या, लग्नात मलाही असंच प्लॅस्टिकमध्ये ठेवलं असतंत तर पोळ्या कोणी लाटल्या असत्या?

त्या मंगळवारी लिंबूची ‘पाहुणी’ आली. जगात या मूर्तीच्या बाराच प्रती, आणि मुळमुल्यांची चौथी.

कुरिअरवाल्यानं खोका उचलताना विचारलं, “साहब, इसमें कोई सो रहा है क्या? सीढ़ी पे करवट ली इसने.” मुळमुले हसले. त्यांना वाटलं, पॅकिंग ढिलं असेल, म्हणून खोक्यानं कूस बदलली. त्या काळजीनं ते थेट घरी आले आणि नऊ घरांची यादी खिशातच राहिली.

खोका उघडला तेव्हा नव्या कंपासपेटीला येतो तसा वास खोलीभर पसरला. आत गुडघाभर उंचीची एक गुबगुबीत बाई. हळदी रंगाची साडी, पायात निळ्या हवाई चपला, मांडीवर स्टीलचा डबा, आणि ती ट्रंकेवर बसलेली, कुणीतरी आत बोलवायची वाट पाहत. चेहरा मात्र नव्हता. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता घासलेल्या ताटासारखा चकचकीत गोल. बघणाऱ्याला त्यात स्वतःचंच तोंड दिसायचं. उजव्या चपलेच्या तळाला बारीक अक्षरांत ४/१२.

मुळमुल्यांनी तिला आतल्या खोलीत स्टुलावर ठेवलं आणि घाम पुसायला खिशात हात घातला, तर रुमालाबरोबर अक्षतांची पुडी आली. घड्याळात साडेसात वाजलेले. यादीतल्या पहिल्या, पार करोंदच्या अश्विनीताईंकडे आता कोण जाणार? उद्या बघू, असं त्यांनी ठरवलं. आणि मग, मन खातं तेव्हा माणसाला थट्टा सुचते तशी, त्यांना ती सुचली. त्यांनी अक्षता त्या डब्याच्या झाकणावर ठेवल्या, वाकून हात जोडले आणि म्हणाले,

“शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकू आहे. सहकुटुंब, सहपरिवार अगत्य यायचं हं.”

चकचकीत गोलात त्यांचं स्वतःचंच तोंड वाकून नमस्कार करत होतं. एवढंच झालं. जेवताना वहिनींनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “सांगितलं. सहकुटुंब या म्हटलं.” पाहिलं तर ते खोटं नव्हतं.

बुधवारी मोठी पाइपलाइन फुटली. गुरुवारी ती का फुटली यावर बैठक बसली आणि रात्रीपर्यंत उठली नाही. शुक्रवार उजाडला.

चारच्या सुमारास मुळमुल्यांनी नियम गुंडाळून ठेवून बाल्कनीतून फोन लावले. अश्विनीताई जबलपूरला लग्नाला गेलेल्या. दुसरीच्या फोनवर नुसती गाणी वाजली. तिसरी म्हणाली, अहो आधी सांगायचं ना, माझे गुडघे. आत वहिनींनी झोपाळ्यात गौर मांडली होती, कलिंगडाचं कमळ कापलं होतं, आंब्याची डाळ, पन्हं, ओटीचे भिजवलेले हरभरे, मोगऱ्याचे गजरे. दिसत नसताना, हातानं चाचपत, दोन दिवस खपून. काळ्या चष्म्यानं त्या दाराकडे तोंड करून बसल्या होत्या आणि दर पाच मिनिटांनी पदर सारखा करत होत्या.

सहा वाजता वीज गेली. मुळमुल्यांनी समई लावून दिली आणि ठरवलं, आता सांगून टाकायचं. ते “मंजू...” म्हणाले, आणि दारावर टकटक झाली.

ती हाडामांसाच्या हाताची नव्हती. काचेच्या पेल्यावर चमचा आपटावा तशी.

“आल्या बघा,” वहिनी म्हणाल्या आणि स्वतःच उठल्या. हळदीकुंकवाला पुरुष माणसानं बाहेरच्या खोलीत थांबायचं नसतं. मुळमुले आतल्या खोलीत गेले, पडदा ओढला आणि कान देऊन बसले. या ना, या, बसा, किती उन्हाच्या आलात, असा वहिनींचा आवाज येत राहिला. दुसरा आवाजच नाही. बांगड्या नाहीत, चपला काढल्याची सरसर नाही, साडीची सळसळ नाही. मोगऱ्याच्या वासाखालून हळूहळू दुसराच वास वर आला. नव्या कंपासपेटीचा.

मग चमचे वाजले. दहापंधरा बायका डाळ खातात तेव्हा चमच्यांचा कसा किलबिलाट असतो. इथे तसं नव्हतं. सगळे चमचे एकाच वेळी वाटीला लागत होते. टक्. मग शांतता... पुन्हा टक्.

मुळमुल्यांच्या या खोलीला जिन्यात उघडणारं वेगळं दार होतं. ते पाय न वाजवता बाहेर गेले. मोबाइलचा दिवा लावला.

दाराबाहेर चपला होत्या. रांगेनं लावलेल्या, अकरा जोड, सगळ्या निळ्या हवाई, पुऱ्या बाईच्या मापाच्या. त्यांनी एक उचलली. ती गार होती आणि दगडाएवढी जड. पट्टा आणि तळवा एकजीव, पाय घालायला जागाच नाही. उलटी केली. ९/१२. दुसरी उलटी केली. २/१२. पुढच्या त्यांनी उलट्या केल्या नाहीत. अंधारातसुद्धा त्यांना कळलं होतं, कोणता क्रमांक तिथे नसणार.

ते धावत आत आले. स्टूल रिकामं होतं. वर फक्त त्यांचे सुती हातमोजे, घडी घालून ठेवलेले. ते त्यांनी घडी घालून ठेवले नव्हते.

खरा शूर माणूस असता तर पडदा बाजूला करून बघितलं असतं. मुळमुले कार्यकारी अभियंता होते. ते स्टुलाशेजारी जमिनीवर बसले आणि डोळे मिटून घेतले. बाहेर वहिनी बोलत होत्या, हसत होत्या. त्यांचं असं हसणं लेकीचं, जुईचं लग्न झाल्यापासून या घरात ऐकू आलं नव्हतं. खूप वेळानं त्यांनी ओळखीचं वाक्य ऐकलं.

“पुढच्या वर्षीही या हं. सगळ्याजणी.”

आणि उत्तर आलं. हळू, एका सुरात, रिकाम्या डब्यात बोलावं तसं.

“येतो...”

वीज आली. मुळमुल्यांनी डोळे उघडले तेव्हा पाहुणी स्टुलावर होती, चकचकीत गोलाच्या वरच्या अंगाला ओलं कुंकू, आणि त्याखाली स्वतः मुळमुल्यांचा पांढराफटक चेहरा.

बाहेर वाट्या रिकाम्या होत्या. डाळीचा कण नव्हता, पन्ह्याचा थेंब नव्हता. वहिनी झोपाळ्याजवळ पाय पसरून बसल्या होत्या, दमलेल्या आणि तृप्त.

“बाराजणी आल्या,” त्या म्हणाल्या. “इतक्या शांत बायका मी पाहिल्या नाहीत हो. एकीनंही सुनेची तक्रार केली नाही. कपाळं मात्र किती गार. आणि मला मेलीला धड दिसत नाही, पण सगळ्यांचे चेहरे माझ्यासारखेच वाटत होते. आपल्या गोतातल्याच असणार.” मग झोपाळ्याला हलका झोका देऊन, “गौर काही नागपूरला जात नाही आता.”

मुळमुल्यांनी ओठांवर आलेला कबुलीजबाब गिळला. या घरात गौर राहणार होती. ते कशामुळे, हे विचारणारा माणूस आपण होऊ नये असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणीच्या मालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो यायला लागले. पहिला इंदूरच्या पराग किबेंचा. नऊ नंबर, चेहऱ्यावर लाल डाग, पुसून जात नाही, कुणाला असा दोष आढळला का? मग कोलकाता, कोची, दिल्ली. संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा. एका जागी, एका मापाचे, अनामिकेच्या बोटाचे. जगातल्या सगळ्या कोऱ्या पाहुण्या मंजूषावहिनींनी एका संध्याकाळी वापरात काढल्या होत्या. मुळमुल्यांनी ‘माझ्याही’ असं लिहून मोबाइल उलटा ठेवला. खरं सांगायचं तर त्यांना हसू आलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला चहा विचारला असता. पण रविवारी दारापुढे झाडताना वहिनींना कुंडीमागे आणखी एक चपलांचा जोड सापडला. तसाच निळा, पण चार बोटांएवढा.

“बघा, विसरून गेली पोर,” त्या म्हणाल्या. “एकीनं लहान मुलगी आणली होती. माझ्या मांडीवरच बसली बाई, उठेचना. जड होती. निघताना दिसली नाही, मला वाटलं आईबरोबर गेली.”

लिंबूनं लहान पाहुणी केलेली नाही. मुळमुल्यांनी सगळ्या याद्या तपासल्या, कलाकाराच्या कार्यालयाला पत्र घातलं. उत्तर आलं, अशी कृती नाही. भिंगातून चपलांचे तळवे पाहिले, तर क्रमांक नाही. म्हणजे कुणाकडेच नाही अशी, जगात एकच. संग्राहकाचं काळीज ते, भीतीच्या मागून आनंदानं उडी मारलीच त्यानं. वहिनींनी चपला पुसून दाराच्या आत, कपाटाशी ठेवल्या आहेत. नेईल येईल तेव्हा, म्हणतात. चष्मा गेला, डोळा छान झाला. घरात आता त्यांना एकटं वाटत नाही. दुपारी पन्हं करतात तेव्हा दोन पेले भरतात, आणि मुळमुले ऑफिसातून येतात तेव्हा दोन्ही पालथे घातलेले असतात.

फक्त मुळमुल्यांना मोजायची सवय. त्या रविवारी चपला चार बोटं होत्या. दिवाळीला वीत भरली. परवा त्यांनी टेप लावला, तर बरोबर वहिनींच्या चपलेएवढ्या. आणि पट्टा नि तळवा एकजीव होते ना? काल दिवा जवळ नेऊन पाहिलं, तर मध्ये फट पडली आहे. पायाचं बोट जाईल एवढी.