साठानंतरचे दहा

"नाव काढायचं नाही म्हणजे नाही!" कालिंदीबाई हॉलच्या दारातच उभ्या होत्या. "भिंत तुमची असेल सर, नाव माझ्या चिन्मयचं आहे."

"काकू, लई झालं आता. पोरं भ्यायलीत. तिघं तर क्लास सोडून गेली." सुदर्शन सरांनी आवाज खाली आणला. "त्याला वाटतंय, आपली जागा अजून इथंच आहे. पाटी उतरवली की जाईल तो..."

"टँकरखाली गेला तेव्हा तुम्हीच म्हणालात, पाटी राहू द्या!"

अर्धा तास हेच चाललं होतं. जपानी तलवार शिकवणाऱ्या या क्लासात प्रत्येकाच्या नावाची लाकडी पाटी भिंतीवर टांगत. क्लास भरे क्रांती चौकामागं, जुनी विहीर बुजवून वर बांधलेल्या हॉलमध्ये. सरावाची रीत ठरलेली. सगळ्यांनी ओळीत उभं राहून लाकडी तलवार डोक्यावरून खाली आणायची आणि एकेकानं पाळीपाळीनं दहा वार मोजायचे, तेही जपानीत. आता उरले सहा जण, म्हणजे साठ वार. महिनाभर मात्र दहा जादा होत होते.

"सातावरून थेट नवावर जायचा, दहाच्या जागी नऊच वार भरायचे, म्हणून किती ओरडायचात त्याच्यावर," बाई म्हणाल्या. "आता मेल्यावरही ओरडा."

"एकदा बसून बघा, काकू. मग बोला."

बाई चपला काढून भिंतीशी बसल्या. साडेपाच वाजले होते, उन्हाचा पट्टा अजून फरशीवर होता. सहा तलवारी उठल्या. इची, नी, सान... बाई बोटांच्या पेरांवर मोजत राहिल्या. शेवटी ओळीच्या टोकाला उभ्या पोरीचे, अपेक्षाचे, दहा संपले. साठ.

हात थांबले नाहीत.

सगळ्यांची तोंडं मिटलेली. मोठ्यानं मोजत कुणीच नव्हतं, तरी तलवारी एकदम वर जात होत्या, एकदम खाली येत होत्या. अपेक्षाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, हात चालूच. नळाला दहा दिवस थेंब नव्हता, आणि हॉलभर ओल्या शेवाळाचा वास दाटला होता. फरशीखालून यावा तसा.

मग तलवारी आपोआप थांबल्या. बाईंचा अंगठाही पेरावर थांबला.

"पटलं?" सर पुटपुटले. "उतरवू... पाटी?"

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. लेकाच्या पाटीवरची धूळ त्यांनी पदरानं पुसली, ती सरळ केली, आणि सरांकडं वळल्या.

"माझ्या चिन्मयचे कायम नऊच व्हायचे सर, आत्ता दहा झाले."