पितळेचं नोझल

पाण्याचा एक तिरपा फवारा थेट सुरभीच्या चष्म्यावर आला. तिनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, तर मशीनच्या पलीकडे एक अनोळखी माणूस उभा! तोही नखशिखांत भिजलेला. आणि वर हसत होता.

"सॉरी मॅडम," मशीनच्या धडधडाटावर आवाज चढवत तो म्हणाला, "हे नोझल सरळ करायले गेलतो. ते तुमच्याकडे वळलं."

"माह्याकडेच काऊन?"

"आता ते... त्यालेच विचारा ना."

एरवी सुरभीनं त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. पण समुद्रपूरजवळच्या त्या पेपर मिलमध्ये तिच्याशी असं वाकडं-तिकडं, कामाशिवायचं, कोणी बोलल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे. ती रागवायचंच विसरली.

तो अनुप. मूळचा नाचणगावचा, आता नागपुरात नोझल पुरवणाऱ्या कंपनीत. त्याला बोलावलं होतं मेंटेनन्सच्या पुंडलिकरावांनी, आणि त्याला कारण सुरभीचा रिपोर्ट होता. ती लॅबमध्ये कागद तपासायची. गेले काही आठवडे प्रत्येक रोलवर एक फिकट पट्टा उमटत होता. उजेडासमोर धरला की दिसायचा, आणि गिऱ्हाईक उजेडासमोर धरतंच!

मशीनमध्ये एक लांबरुंद जाळी सतत फिरत असते. लगदा तिच्यावर पसरतो, पाणी गळून जातं, कागद उरतो. जाळीची भोकं लगद्यानं बुजू नयेत म्हणून वर एक पाइप, आणि पाइपला ओळीनं बोटाएवढी नोझल. प्रत्येकातून पंख्यासारखा पसरट फवारा जाळी धूत राहतो. एकाचं जरी बिनसलं तरी जाळीवर चट्टा पडतो आणि तो कागदावर उतरतो.

दुसऱ्या दिवशी मशीन थांबवून त्यांनी ती ओळ उतरवली. मिलमध्ये बाहेरून आलेल्या प्रत्येकाला 'भाऊ' म्हणायची पद्धत. पंप दुरुस्त करणारा भाऊ, ट्रकवाला भाऊ. सुरभीनं मात्र त्या दिवसभरात अनुपला 'अहो', 'ऐका ना', 'ते हे...' असं सगळं म्हणून पाहिलं. भाऊ काही तिच्या तोंडून निघेना. काऊन निघेना, हे तिला कळत होतं. कळत होतं म्हणूनच ती कानकोंडी होत होती.

त्यानं एक जुनं आणि एक कोरं नोझल शेजारी शेजारी लावलं, एकाच दाबाचं पाणी सोडलं आणि खाली दोन सारखे जार ठेवले. जुन्याखालचा जार भराभर भरला.

"पाहा," तो म्हणाला. "घासलं आहे. भोक मोठं झालं."

"पण मी त रोज पाहत होती! सगळ्यातून पाणी येत होतं."

"तेच त. बुजलेलं नोझल पाणी देत नाई, म्हणून सारे त्याच्या नावानं ओरडतात. घासलेलं जास्तच देते. देतच राह्यते. मंग त्याच्याकडे कोण पाहते?"

तो बोलत होता नोझलबद्दल. सुरभीला मात्र उगाच भरून आलं. वडील गेल्यावर अल्लीपूरच्या घराचं सगळं तिनं ओढलं होतं. भाऊ नीलेशचं शिक्षण, बहीण अंजूचं लग्न, आईचं दुखणं-खुपणं. सगळे मार्गी लागले. तिच्यासाठी स्थळं यायची कधी थांबली, हे घरात कोणाच्या ध्यानातही आलं नाही. आता समुद्रपुरात घरमालकीण तानाबाईंच्या माडीवर एक खोली, रविवारी धुतलेले केस वाळवायला गच्ची, आणि जेवायला स्वतःच स्वतःची सोबत. तिला फार एकटं वाटायचं. पण हे सांगणार कोणाला?

"मॅडम, एक विचारू?" अनुप नोझल भिंगाखाली धरून बसला होता. "हे साफ कोण करते?"

"मीच. फिटर लोकांले वेळ नाई राहत. डबा खायच्या आधी मी काढून..."

"कशानं?"

सुरभीनं निमूटपणे ओढणीची पिन काढून दाखवली. अनुपनं कपाळाला हात लावला, मग त्याला हसू आवरेना.

"अहो, पिनेनं टोकरून टोकरून तुम्हीच भोकं मोठी केली! मऊ ब्रश घ्यायचा, नायतर लाकडाची काडी."

सुरभीचा चेहरा पडला. जीव लावून केलेल्या कामानंच सगळं बिघडवलं होतं. "मंग... रिपोर्टमध्ये माहं नाव टाका," ती हळूच म्हणाली.

"रिपोर्टमध्ये लिहितो, साफ करायचं साधन चुकीचं." त्यानं भिंग खाली ठेवलं. "साफ करणारी... बरोबर आहे."

तिनं मान खाली घातली आणि नसलेली घाण पुसत बसली.

मग दोन-तीन दिवस डबा एकत्र झाला. तो आपल्या डब्यातलं लोणचं तिच्या झाकणात वाढायचा, तिचा झुणका न विचारता उचलायचा. "तुम्ही तिखट कमी खाता," तो एकदा म्हणाला. एवढंच. पण आपण काय खातो हे कोणी पाहिलंय, या नुसत्या विचारानं ती त्या संध्याकाळी बसमध्ये एकटीच हसत होती.

नवीन ओळ बसवायच्या दिवशी पुंडलिकराव लॅबमध्ये आले. "कोणती टाकू, सुरभीबाई? पट्टा तुम्ही पकडला, तुम्हीच सांगा."

अनुपनं दोन नोझल तळहातावर धरली. एक पितळेचं, पिवळंधम्मक. दुसरं स्टीलचं, आत सिरॅमिकची चकती बसवलेलं.

"पितळेचं स्वस्त," तो म्हणाला. तो पुंडलिकरावांशी बोलत होता, पण पाहत होता सुरभीकडे. "पण इथल्या पाण्यात लवकर घासते. सहा-आठ महिन्यांनी मले पुन्हा यावं लागन. सिरॅमिकचं टाकलं त... वर्षानुवर्षं कोणी बोलावत नाई."

त्याच्या डोळ्यांत प्रश्न होता, आणि तो नोझलचा नव्हता.

सुरभीच्या जिभेवर 'पितळेचं' आलं होतं. अगदी ओठापर्यंत! पण पुन्हा तो पट्टा, पुन्हा परत आलेले रोल, पुंडलिकरावांचा आपल्यावरचा भरवसा... तिनं डोळे जारकडे वळवले.

"सिरॅमिकचं."

"बरं," अनुप म्हणाला. पितळेचं नोझल त्यानं खिशात टाकलं. त्या दुपारी त्यानं डबा फिटर लोकांबरोबर खाल्ला. निघताना फाटकाशी "येतो मॅडम" म्हणाला, तीही "हाव, या" म्हणाली. नागपूरची बस आली आणि तो गेला.

नवी ओळ सुरेख चालली. फवारे एकसारखे, जाळी स्वच्छ, कागद असा की उजेडासमोर कितीही धरा. पुंडलिकराव खूश, गिऱ्हाईक खूश. सुरभी रोज कागद खिडकीशी धरायची, आणि निर्मळ कागदावर पट्टा शोधत राहायची. मुद्दाम पिन घेऊन एकदा ती पाइपपाशी गेलीही. उभी राहिली. मग स्वतःचीच लाज वाटून परत आली.

थंडी सरली. मिलभोवतीची कपाशी वेचून झाली, पऱ्हाट्या उपटल्या गेल्या, शेतं उघडी पडली. आपण त्याला नाही म्हटलं, असंच त्यानं धरलं असणार. आणि आपण तरी त्याला वेगळं काय सांगितलं? कोणी ओळखावं, कोणी विचारावं म्हणून आणखी किती वर्षं वाट पाहायची? या प्रश्नानं ती त्या रविवारी गच्चीवर ओल्या केसांनीच बसून राहिली. शेवटी तिनं फोन उचलला. त्याच्या रिपोर्टवरचा नंबर लावला.

"हॅलो... मी सुरभी. मिलमधून."

पलीकडून घाईघाईचा आवाज. "बोला ना! काय झालं? पट्टा आला का पुन्हा?"

"नाई."

"प्रेशर कमी झालं?"

"नाई जी. सारं मस्त चालू आहे."

"मंग काय बिघडलं?"

"काहीच बिघडलं नाई," सुरभी म्हणाली. "बिघडायची वाट पाहून पाहून थकली मी. म्हणून फोन केला. तुम्ही... काही काम नसताना याल का?"

पलीकडून त्यानं हळूच विचारलं, "आज येऊ?"