वितळण्याची नोंद

सकाळी सव्वानऊला बर्फाच्या पेट्यांतून नमुने आले, आणि साडेनवाच्या आत तिने त्यांतले सहा परत पाठवले. हाच प्रमुख बाईंचा नाश्ता, असं प्रयोगशाळेत म्हटलं जाई. एका डॉक्टराने पाठीच्या कण्यातलं पाणी साध्या प्लास्टिकच्या नळीत भरून पाठवलं होतं. दुसऱ्याने रक्त अख्खी दुपार खिडकीत ठेवून मग ते घाईघाईने बर्फात पुरलं होतं. दूध नासल्यावर पातेल्यावर झाकण ठेवावं तसं.

अल्झायमरच्या तपासणीत मोजायचं प्रथिन मोठं हट्टी असतं. साध्या नळीच्या भिंतीला ते चिकटून बसतं, उबेत तुटतं, आणि गोठवून वितळवलं की दर खेपेला थोडं कमी भरतं. आकडा कमी भरला की लोक रोग समजतात. नळी चुकीची, फ्रीझर आळशी, आणि विसराळू ठरतो कुणाचा तरी धडधाकट बाप.

“रोग माणसात कमी आणि नळीत जास्त असतो,” हे तिचं ठरलेलं वाक्य. पाठीमागे लोक तिला ‘उणे ऐंशी’ म्हणत. तिचा मोठा फ्रीझर त्या तापमानाला चाले, आणि तिची नजरही. तिला हे नाव ठाऊक होतं. निदान आकडा तरी बरोबर सांगतात, एवढंच तिचं त्यावर मत होतं.

यंत्र खरं बोलतंय ना, हे पाहायला रोज त्यात एक कंट्रोल लावावा लागतो, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना. परक्या हातांनी हाताळलेल्या रक्तावर तिचा भरवसा नव्हता, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिने स्वतःचंच रक्त घेतलं. ते सहाशे इवल्या नळ्यांत वाटून गोठवलं. रोज एक काढायची, वितळवायची, वापरून फेकायची. एकच नळी पुन्हा वितळवायची नाही, हा इथला पहिला नियम. प्रत्येक वितळण्याची वेळ वहीत लिहून सही करायची, हा दुसरा.

अशाच एका सकाळी तिचा थोरला भाऊ अण्णांना घेऊन आला. अण्णा म्हणजे वडील. जन्मभर जमिनीची मोजणी केलेला माणूस. घरापासून पुलापर्यंत नऊशे चौदा पावलं, पुलापासून वाचनालयापर्यंत तीनशे सहा, असं सगळं शहर त्यांच्या डोक्यात पावलांनी मांडलेलं होतं.

“आठवड्यात दोनदा गॅस चालू ठेवला त्यांनी,” दादा म्हणाला.

“तू गाडीत चावी विसरून किती वेळा कुलूपवाला बोलावलास? तुझंही रक्त काढू का?”

“काढ. पण आधी त्यांचं.”

“माझ्यादेखत माझी वाटणी करताय की काय?” अण्णा बाही वर सरकवत म्हणाले.

आणि इथे तिने अशी चूक केली, की दुसऱ्या कुणी केली असती तर तिने त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. अण्णांचा नमुना तिने चार नळ्यांत वाटला नाही. एकाच नळीत ठेवला. उत्तर तिला ठाऊक होतं. ठाऊक असलेल्या उत्तरासाठी चार नळ्या कशाला वाया घालवायच्या?

त्या यंत्रावर साठच्या वर निरोगी. सोमवारी नळी वितळवली. अण्णांचा आकडा आला अठ्ठावन्न.

“यंत्राला पोटदुखी झालीये,” ती म्हणाली आणि नळी परत गोठवली. संध्याकाळी दादाचा फोन आला. अण्णा वाचनालयातून घरी येताना वाट चुकले होते, अकराच्या सुमारास.

तिने नवं रक्त मागितलं. अण्णांनी साफ नकार दिला. “एकदा घेतलंस ना? सांडलंस का? दोनदा मोजतो तो पहिल्या वेळी झोपलेला असतो.” हे बोलणं थेट तिच्याच स्वभावाचं होतं. गुरुवारी तिने तीच नळी दुसऱ्यांदा काढली. त्रेपन्न. हे होणारच होतं. वितळवलं की कमी भरतं. त्याच संध्याकाळी आलेल्या दादाच्या फोनला मात्र पाठ्यपुस्तकात जागा नव्हती. दाढी करता करता अण्णा थांबले होते. अर्ध्या गालावर साबण तसाच वाळलेला, आणि हातातल्या वस्तऱ्याकडे बघून ते विचारत होते, हे काय असतं.

“किती वाजता?”

“सव्वाअकरा असतील. तुला वेळेचं काय पडलंय?”

वहीत त्या नळीच्या वितळण्याची वेळ होती सोमवारी अकरा, गुरुवारी सव्वाअकरा.

वही लिहिणाऱ्या टेक्निशियनबाई वीस वर्षं या खोलीत होत्या आणि गरजेपेक्षा एक शब्द जास्त बोलत नसत. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “मॅडम, ती नळी आता काढू नका.”

“का?”

“काही नाही. मनात आलं.”

“मनात आलेलं लिहायला वहीत रकाना नाही.”

योगायोगाचं तिला वावडं नव्हतं. दोन बिंदूंतून रेषा मूर्खही काढतो, असं ती विद्यार्थ्यांना सांगत असे. तिसरा बिंदू हवा. म्हणून तिने तो घ्यायचं ठरवलं. शनिवारी ती स्वतः अण्णांसमोर बसणार होती, आणि बरोबर साडेअकराला टेक्निशियनबाई फ्रीझरमधून नळी काढणार होत्या. भोळसटपणा एकदाचा मोडीत निघावा, एवढाच हेतू. हा भोळसटपणा कुणाचा, हे तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

जेवणाच्या टेबलावर ऊन आलं होतं. आत दादा कपबश्या विसळत होता. अण्णा खुशीत होते.

“वाचनालयापासून तुझी शाळा चारशे वीस,” ते म्हणाले, “पण तुझ्या पावलांनी सातशे. तू मोठ्याने मोजायचीस. आणि साडेतीनशेला रोज न चुकता माझं बोट धरून म्हणायचीस, अण्णा, आता…”

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले.

अण्णांचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्यांनी ते हळूच मिटलं. मग समोरच्या बाईकडे पाहून शर्टाची कॉलर नीट केली.

“माफ करा,” ते अदबीने म्हणाले, “आपण कोणाकडे आलात?”

आतलं पाणी वाहायचं थांबलं.

तिने प्रयोगशाळेत फोन लावला. “आत ठेवा. आत्ताच्या आत्ता.”

“मॅडम, धड वितळलीही नाही अजून.”

“आत ठेवा.”

त्या दिवसापासून ती नळी तळाच्या कप्प्यात कुलपाआड गेली. किल्ली तिच्या गळ्यात. वहीत तिने तिसऱ्या नोंदीखाली जाड रेघ ओढून लिहिलं, ‘यापुढे नाही’, आणि सही केली. कारणमीमांसा केली नाही. अण्णा होते तिथेच थांबले. आणखी खाली गेले नाहीत. एकदा चहा पिताना त्यांनी तिला “पोरी” म्हटलं, आणि ती न्हाणीघरात जाऊन बराच वेळ हात धूत राहिली. तेवढं एक ‘पोरी’ त्या नळीत शिल्लक होतं. चौथ्यांदा ती वितळता कामा नये, बस.

तीन आठवड्यांनी टेक्निशियनबाईंनी तिच्यासमोर एक आलेख ठेवला.

“कंट्रोल उतरतोय, मॅडम.”

दोन वर्षांचे ठिपके होते. ब्याऐंशीपासून निघालेले, सावकाश उतरत आलेले. आजचा साठाच्या रेषेला टेकला होता. प्रत्येक ठिपक्याखाली ‘ठीक’ आणि तिची सही.

“फ्रीझरचं दार नीट लागत नसेल,” ती म्हणाली.

“दार नीट लागतंय. इतरांचे नमुने जागच्या जागी आहेत.”

“किती नळ्या उरल्यात माझ्या?”

“अकरा.”

“त्यांना हात लावायचा नाही. विकतचा कंट्रोल मागवा.”

टेक्निशियनबाई हलल्या नाहीत. “सोमवारी हेच म्हणालात. मी मागवला. मंगळवारी तुम्हीच येऊन तुमची नळी काढलीत. कालही काढलीत. मी आठवण केली, तर म्हणालात, परक्याच्या रक्तावर माझा भरवसा नाही.”

ती हसली. असल्या गोष्टीला ती नेहमी जशी हसे, तशीच. “वही आणा.”

वही आली. सोमवारी असं काही बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. मंगळवारची सही तिचीच होती, काल सकाळचीही. तिने पानं उलटली आणि अण्णांचं पान काढलं.

जाड रेघ होती. ‘यापुढे नाही’ होतं.

त्याखाली चौथी नोंद होती. आजची तारीख, सकाळी नऊ चाळीस. अक्षर ठसठशीत, तिचं. सही तिची.

तिने गळ्याला हात लावला. किल्ली जागेवर होती.

“हे मी कधी लिहिलं?”

टेक्निशियनबाई तिच्या पांढऱ्या कोटाकडे पाहत होत्या. कोटाच्या खिशात फोन थरथरत होता. कामाच्या वेळेत फक्त दादा फोन करायचा.

फोन काढायला तिने खिशात हात घातला. फोनच्या आधी नळी हाताला लागली.

कोमट होती.